पेवातला बोझो

परवाच जिच्या नवऱ्याची माती झाली होती, ती बाई शोकाचा तंबू सोडून नारीन शहरात बुरूल-एजेच्या दारात येऊन उभी राहिली. कालिसच्या हातातला चहा हातातच राहिला.

डोक्याला काळा रुमाल, पापण्यांवर गोठलेलं दंव. चाळीस दिवस तिनं घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

"एने, गाव काय म्हणेल?" कालिसच्या तोंडून निघून गेलं.

"गाव म्हणून मोकळं झालंय," म्हातारी म्हणाली. "सुनेनं सासऱ्याला विष घातलं म्हणतंय. एजे, माझ्या सुनेला सोडव."

बुरूलनं तिला शेगडीजवळ बसवलं. अर्धं आयुष्य जिल्ह्याच्या तपासखात्यात काढून ती बाहेर पडली होती आणि आता लोकांची अडलेली प्रकरणं स्वतःच बघायची. लहानथोर तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत; तसंच थोरल्या पुरुषाला आके, आईच्या वयाच्या बाईला एने. कालिस तिचा धाकटा दीर. जुनी जीप, सुटलेलं पोट आणि चढावर दमणारी बुद्धी, ही त्याची इस्टेट.

"पहिल्यापासून सांग," बुरूल म्हणाली.

म्हातारीचं नाव झुराकान. तिचा नवरा ओमुरकुल सूक-दोबो गावच्या जोरोचा म्होरक्या. हिवाळ्यात दर शुक्रवारी एकेकाच्या घरी पुरुषांची बैठक बसते, तीच जोरो. ज्याची पाळी त्यानं वरीचा बोझो आंबवून ठेवायचा, म्होरक्यानं आधी एकट्यानं चाखायचा, तो बरा म्हणाला की मग इतरांनी प्यायचं. या खेपेला पाळी ओमुरकुलच्याच घरची होती.

"बैठकीच्या आदल्या सकाळी तो पेवात उतरला. बटाट्यांचं पेव आमचं, कॅन तिथंच होते. 'बोझो ऐकून येतो गं,' म्हणाला. खूप वेळानं सून, नाझिक, बटाट्यांना गेली, तर..." म्हातारीनं रुमालाचं टोक दातांत धरलं. "तोंड काळंनिळं. ओठांवर फेस. एका हाताची कॅनला मिठी, दुसऱ्यात वाडगा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आधी म्हणाले, कोंदट हवा. मग पेवाची हवेची नळी पाहिली, ती उघडी, मोकळी. चूल नाही, निखारा नाही. मग म्हणाले विषच. बोझो बाटलीत भरून राजधानीला पाठवायचाय, पण खिंड बंद."

"आणि विष सुनेनंच घातलं, कशावरून?"

झुराकान शेगडीकडे बघत बोलली. धाकटा मुलगा रशियात बांधकामावरून पडून गेला, तेव्हा नाझिकच्या पोटात बाळ होतं. थोरल्याला, मेदेतला, मूल नाही. ओमुरकुलनं ठरवून टाकलं, नातू मेदेतला द्यायचा. "आपल्यात देतातच. पण नाझिकनं चार शेजारणींसमोर सासऱ्याला सुनावलं, 'माझं पोर नेलंत तर तुमचं थडगं बघेन.' आता त्या चौघीही तेच सांगतात."

"तुझा नवरा गेला, आणि तू तिची बाजू घेतेस?"

"पेवात उतरवायच्या आधी त्याच कॅनमधला वाडगाभर मी प्याले, एजे. मेले नाही." तिनं मान वर केली. "उद्या दुपारी तपासाचे साहेब येतात, तिला न्यायला. पोर अंगावर पितंय. इथं राहिलं तर उपाशी, तिच्याबरोबर गेलं तर कोठडीत. कुठलं बरं, तू सांग."

बुरूल उठली आणि खुंटीवरचा कोट काढला.

जीपमध्ये तिनं एकच विचारलं. "बोझो घरात, चुलीपाशी आंबवतात. पेवात कशाला ठेवलात?"

"कॅन मीच ठेवायला लावले, मेदेतकडून उतरवून घेतले. कायिप-आके म्हणाला, उबेत राहिला तर बैठकीआधीच आंबटढोण होईल, गारव्यात ठेव. बोझोचा वैद्य आहे तो आमचा. गेल्या हिवाळ्यात तरणा मुलगा गेला बिचाऱ्याचा, तरी कुणाचा बोझो बिघडला म्हटलं की काठी टेकत येतो."

सूक-दोबोत प्रत्येक घरामागे पेव होतं. प्रत्येक पेवावर हातभर लोखंडी नळी, आणि आतल्या उबेची वाफ गोठून प्रत्येक नळीच्या तोंडाला पांढरीशुभ्र दाढी लोंबत होती. ओमुरकुलच्या नळीला मात्र जेमतेम मिसरूड फुटलं होतं.

"ही नळी रोज दाढी करते वाटतं," कालिस म्हणाला.

बुरूल हसली नाही. ती नळीजवळ बराच वेळ थांबली.

पेवाच्या तोंडाशी गावचा पोलीस पाय आपटत उभा होता. त्यानं पिशवीतून वाडगा काढून दाखवला. "हा बघा पुरावा. म्हाताऱ्याच्या हातातला. शेवटचा थेंबही चाटून घेतलाय, आरशासारखा लख्ख!"

"धुतलास?"

"पुरावा धुवेन, एजे? नोकरी जाईल माझी."

कालिस कुरकुरत शिडीवरून खाली गेला, मागोमाग बुरूल. तीन मोठे दुधाचे कॅन ओळीनं उभे. तिन्हींना गळ्यापर्यंत जाड लोकरी नमदा गुंडाळून दोरीनं आवळलेला. झाकणांवरून फेस ओघळून वाळला होता. कॅनच्या पायाशी कंदील सरळ उभा होता, तेलानं भरलेला.

"हा?"

"म्हाताऱ्याचाच," पोलीस वरून ओरडला. "आम्ही आलो तेव्हा विझलेला होता. हात नाही लावला."

बुरूलनं कंदील हलवून पाहिला, वात पाहिली, जागच्या जागी ठेवला. मागे वळली तर कालिसनं कोपऱ्यातला वाडगा घेऊन बोझो भरला होता, आणि निम्मा प्यायलाही होता.

"अरे गाढवा!"

"म्हातारी प्यायली म्हणाली ना," कालिस ओठ पुसत म्हणाला. "बरा आहे. गोड आहे जरा. आणि चढतोय लगेच."

"झकास. आता तू जगलास तरी पुरावा, मेलास तरी पुरावा."

वर आल्यावर कालिसनं तो वाडगा बर्फानं घासला, पुन्हा घासला. तळाला चिकटलेला वरीचा लगदा काही सुटेना. शेवटी त्यानं तो तसाच पायरीवर ठेवून दिला.

नाझिक चुलीमागच्या कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. विशीतली पोर, पण डोळ्यांखाली म्हातारपण आलेलं. छोटा तिलेक छातीशी लुचत होता, सोडून रडत होता, पुन्हा लुचत होता.

"दूध आटत चाललंय," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "भीतीनं आटतं का हो, एजे?"

"आटतं. आणि भीती गेली की परत येतं." बुरूल तिच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि आपली शाल बाळाच्या पायांवर टाकली. "तू म्हणाली होतीस ना, थडगं बघेन म्हणून?"

"म्हणाले." बाळाच्या टाळूवरून हात फिरत राहिला. "आत्ता कुणी न्यायला आलं तरी तेच म्हणेन. पण विष मला कुठून मिळायचं? मला धड बोझोही जमला नाही या वेळी. दोन दिवस नुसता लगदा पडून होता, बुडबुडा नाही की वास नाही. कायिप-आकेकडे गेले. म्हणाले, थंडीनं झोपलाय, उठव. त्यांच्याकडचं ताजं विरजण दिलं, भरपूर साखर घालायला सांगितली, वरून नमदा आवळ म्हणाले. सकाळी उठून बघते तर झाकणं उडालेली!"

"साखर नेहमी घालतेस?"

"चिमूटभरही नाही. मोड आलेल्या गव्हाचं पीठ घातलं की वरीला आपसूक गोडी येते."

"मग पेवात कुणी नेले?"

"मी बाळाला घेऊन माहेरी गेले होते. आले तर एनेनं उतरवून घेतले होते. मोठ्यांना का म्हणून विचारायचं?"

"त्या दिवशीचं सांग."

"झाकण उचललं, खाली सासरे दिसले. मी किंचाळले. मेदेत धावत आला आणि सरळ उतरायला लागला. तेवढ्यात कुंपणापलीकडून कायिप-आके आले, त्यांनी त्याची कॉलर धरली. म्हणाले, दोर आण आधी, एकट्यानं उचलणार आहेस का. मला पोलिसाकडे पिटाळलं. मी परत आले तेव्हा ते आपल्या कोटानं पेवाच्या तोंडाशी वारा घालत होते, म्हाताऱ्याला हवा मिळावी म्हणून." तिनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं. "तेवढं एकच माणूस धावून आलं हो त्या दिवशी."

मेदेत अंगणात लाकडं फोडत होता. तिशीतला, खांदे रुंद, बोलणं तुटक.

"बाळ तुला हवं होतं?" बुरूलनं विचारलं.

"बापानं ठरवलं. मला विचारलं नाही, तिलाही नाही." कुऱ्हाड ओंडक्यात रुतली. "हवं होतं. खोटं कशाला बोलू?"

"कॅन उतरवलेस त्याआधी पेवाला हात कधी लावला होतास?"

"आदल्याच दिवशी. नळी बुजवली तेव्हा."

कालिसनं कान टवकारले. बुरूलचा चेहरा मात्र तसाच होता. "नळी का बुजवलीस?"

"चिल्ला लागलाय, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. गेल्या वर्षी निम्मे बटाटे गोठून काळे पडले. गप्पांत विषय निघाला, चौघेजण बसलो होतो, बाप, मी, कायिप-आके, पलीकडचा शेजारी. कुणीतरी म्हणालं, बोळा घाल. जुन्या नमद्याचा घातला, ठोकून."

"नळी उघडी आहे, मेदेत."

तो नळीकडे बघत राहिला. "मी नाही काढला."

"पोलिसाला सांगितलंस हे?"

"बाप मेला होता, एजे. नळीचं कोण बोलतंय?"

घरामागून जाताना कालिसनं तिचा दंड धरला. "वहिनी, झालं की! बाळ ह्याला हवं, बाप गेला की जमीनही ह्यालाच. नळी ह्यानंच बुजवली, कबूलही केलं."

"खुनी माणूस कबूल करतो ते आधीच उघड झालेलं असतं, कालिस. हे कुणालाच माहीत नव्हतं. का सांगेल तो?"

कालिस विचारात पडला. चढ लागला होता.

कायिपचं घर लागूनच होतं. म्हातारा बारीक अंगाचा, हात स्वच्छ, बोलणं लोण्यासारखं. चुलीच्या उबेला विरजणाची मडकी ओळीनं झाकून ठेवलेली. दारामागे खुंटीवर तरण्या माणसाचा जाड कोट टांगलेला होता, कॉलर लांडग्याच्या कातड्याची.

बुरूल काही विचारायच्या आधीच कालिस पुढे सरकला. "आके, माझा बोझो दर वेळी फसतो. उठतच नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जीव आला. "मोड आलेले गहू कुठं वाळवतोस?"

"शेगडीवर. लवकर होतात."

"मारलेस. उन्हात नाहीतर छपराखाली वाऱ्यावर वाळव. आणि पीठ शिजवलंस की लगेच घालतोस ना, वाफा निघत असताना?"

"लगेच."

"पुन्हा मारलेस. हात बुडवून ठेवता आला पाहिजे इतकं निवू दे. भांडं कशानं धुतोस?"

"साबणानं. चांगला फेस काढून."

"साबणाचा वास राहिला की विरजण रुसतं. उकळतं पाणी आणि मूठभर राख, बास." कायिप हसला. "तुझा बोझो झोपत नाही रे, तू त्याचा खून करतोस."

"आणि उठला, पण फार आंबट झाला तर? नमदा बांधून पेवात ठेवू?"

"नमदा बांधून?" म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "ऊब हवी तर नमदा. गारवा हवा तर पेव, तेही बोझो खवळून शांत झाल्यावर, उघड्या अंगानं. दोन्ही एकदम कोण करेल? वेडाच."

कालिस मनापासून हसला. बुरूल कोटाकडे बघत होती.

"मुलाचा?"

"अर्गेनचा." हसू विझलं. "गेल्या चिल्ल्यात. जोरोला उशिरा पोचला. उशिराला दंड असतो, एकावर एक वाडगे. ते प्यायला. परतताना ओढ्याकाठी टेकला, तो टेकलाच."

"कोट अंगावर नव्हता?"

"दंडात कोटही ठेवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी आणून दिला की घडी घालून."

"दंड कुणी लावला?"

"जोरोचा नियमच लावतो, एजे. म्होरक्या नुसता तोंडानं सांगतो." म्हाताऱ्यानं मडक्यावरचं फडकं सारखं केलं. "ओमुरकुल मातीला आला होता. म्हणाला, प्रत्येकाचं मरण कपाळी लिहिलेलं असतं. खरंच आहे."

"तरी तुम्ही त्याच्या जोरोत बसत राहिलात."

"गाव सोडून कुठं जाऊ?"

बाहेर आल्यावर बुरूलनं पेवाच्या नळीकडे एकदा पाहिलं. मग तिनं कालिसच्या कानात काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा लांब होत गेला.

"तिन्ही? आणि एकट्यानं? वहिनी, माझी कंबर... आणि माझाच मफलर का? आईनं विणलेला आहे तो."

"म्हणूनच. घट्ट आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याची गाडी आली. तपासाचे साहेब तरुण होते, दमलेले होते, आणि हे काम लवकर उरकावं असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नाझिक उंबऱ्यात उभी होती, कपड्यांचं गाठोडं पायाशी, बाळ छातीशी. झुराकान तिला टेकून उभी. कायिपला बुरूलनं निरोप धाडला होता, बोझोबद्दल दोन शब्द साहेबांना सांगा म्हणून. तो काठी टेकत आला, आणि पेवापासून चार पावलांवर थबकला.

"साहेब, थोडा वेळ द्या," बुरूल म्हणाली. "खाली अजून एक वाडगा राहिलाय. तो हाती आला की तुम्ही तुमचं काम करा. मेदेत, आणतोस का रे?"

मेदेतनं झाकण उचललं आणि पाय शिडीवर टाकला. दुसरा टाकला. तो कमरेपर्यंत आत गेला.

"थांब!"

काठी बर्फात पडली. कायिपनं दोन्ही हातांनी मेदेतची बाही धरली होती आणि सगळं अंग मागे टाकून तो ओढत होता. "वर ये! वर ये आधी! दिवा सोड, कंदील सोड दोरीनं, मग—"

मेदेत शिडीवरून वर आला.

"दिवा कशाला, कायिप-आके?" बुरूलनं हळूच विचारलं. "पेवात काय आहे?"

मेदेत बर्फात उभा राहून स्वतःच्या बाहीकडे बघत होता. म्हाताऱ्याची बोटं अजून तिच्यात रुतलेली होती.

"कालिस, जा तू."

कालिस शिडीवरून खाली गेला. आतून त्याची शीळ ऐकू आली, मग खोकला, मग पुन्हा शीळ. तो वाडगा घेऊन वर आला, ठणठणीत.

"हवा साफ आहे," बुरूल म्हणाली. "कॅन काल संध्याकाळीच मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. पण हे कायिप-आकेंना माहीत नव्हतं. त्यांना फक्त नळी दिसली, कालिसच्या मफलरचा बोळा घातलेली. आल्याबरोबर त्यांनी तिच्याकडेच पाहिलं. इथं जमलेल्यांत नळीकडे पाहणारे ते एकटेच होते."

साहेबांनी टोपी मागे सारली. "नीट सांगा."

"विष नव्हतंच. ओमुरकुल बोझो प्यायलाच नाही. वाडगा बघा, लख्ख. आणि हा कालिसचा पायरीवरचा, कालपासून तसाच. बोझो असा चिकटतो. चाटून वाडगा लख्ख होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. फक्त पुरावा म्हटल्यावर आपण विसरलो."

गावच्या पोलिसानं पिशवी पाठीमागे घेतली.

"मग तो मेला कशानं? कंदील सांगतो. तेल भरलेलं, वात चांगली, आडवा पडलेला नाही, तरी विझला. ज्यानं दिवा विझला त्यानंच माणूस विझला. आंबणारा बोझो श्वास सोडतो, साहेब. तो श्वास हवेपेक्षा जड. पाण्यासारखा तळाला साचतो. घरात दार उघडतं, मिटतं, कुणाला काही होत नाही. पेवातही नळी मोकळी असेल तर बहुधा निभावतं. आपण धुराला घाबरतो. शेगडी लावली की खिडकी किलकिली ठेवतो. पण जिथं निखाराच नाही तिथं कोण घाबरणार?"

"नळी तर उघडी होती."

"नंतर उघडली. सगळ्या गावाच्या नळ्यांना वाफेची दाढी आहे, हिला चार दिवसांचं मिसरूड. म्हणजे त्याआधी हिच्यातून वाफ येत नव्हती. मेदेतनं बोळा घातला होता, त्यानंच सांगितलं. मग काढला कुणी? आरडाओरडा झाला तेव्हा मेदेत दोर आणायला गेला होता, नाझिक पोलिसाकडे. पेवापाशी एकच माणूस होता. कोटानं वारा घालत."

"आणि हे सगळं घडवलं कसं?"

"सल्ले देऊन." बुरूल कायिपकडे वळली. तो खाली बसला होता. "नाझिकला म्हणाले, बोझो झोपलाय, साखर घाल, माझं विरजण घाल, नमदा आवळ. चांगला सल्ला. झुराकानला म्हणाले, आंबट होईल, पेवात ठेव. हाही चांगलाच. मेदेतपुढे विषय काढला, बटाटे गोठतील, नळी बुजव. तोही खोटा नाही. पण तिघांना एकमेकांचा सल्ला माहीत नव्हता. उबेतला, साखरेनं पिसाळलेला बोझो, नमद्यासकट, बंद पेवात. कायिप-आके, काल तुम्हीच म्हणालात, ऊब आणि गारवा एकदम वेडाच देईल. तुम्ही वेडे नाही. एकाच रोग्याला दोन उलटी औषधं तुम्ही दिलीत ती रोग्यासाठी नव्हेच."

"आणि ओमुरकुलला काय सांगितलंत?" झुराकाननं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ किती घातलं विचारावं तसा.

कायिपनं मान वर केली नाही. "म्हटलं, चाखायच्या आधी कॅनच्या तोंडाशी कान लाव. पावसासारखा आवाज आला तर बोझो जिवंत. आणि झाकण लावून घे, गारठा आत येईल."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. त्यांना घाई राहिली नव्हती.

"माझा कुत्रा असाच मेला होता, फार वर्षांमागं," कायिप बोलत राहिला. "तेव्हापासून मला माहीत होतं. कुणाला सांगितलं नाही, उगाच बोझोचं नाव खराब. अर्गेन गेला तेव्हाही मनात आलं नव्हतं. पण या हिवाळ्यात पहिल्या बैठकीला ओमुरकुल मोठ्यांदा हसून म्हणाला, 'या वेळी उशीर करू नका रे, नाहीतर कायिपच्या पोरासारखं व्हायचं.' सगळे हसले. मीही हसलो." त्यानं मेदेतकडे पाहिलं. "तू नाही हसलास. मला आठवतं."

"म्हणून त्याला दोनदा वाचवलंत," बुरूल म्हणाली. "त्या दिवशी आणि आज. तुम्ही वाचवाल याची खात्री होती, म्हणूनच त्याला पुढे केलं. आणि ही?" तिनं उंबऱ्याकडे बोट केलं. "हिनं काय केलं होतं? आज तुम्ही बोझोबद्दल दोन शब्द सांगायला आला होतात. ती गाडीत बसली असती. तुम्ही बघत उभे राहिला असतात."

"वाटलं होतं, म्हातारा होता, काळीज थांबलं म्हणतील."

"म्हटलं नाही. मग?"

कायिपनं उंबऱ्याकडे पाहिलं. नाझिक त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. त्यानं तोंड फिरवलं.

पोलिसानं त्याला काठी उचलून दिली. गाडीत बसताना कायिपनं बुरूलला हाक मारली. "एजे, माझ्या घरात विरजणं आहेत. आठवड्यातून एकदा पीठ घालावं लागतं. कुणीतरी घाला."

गाडी गेली. अंगणात चाकांच्या खुणा राहिल्या.

"विरजण मीच नेऊन घातलं," नाझिक म्हणाली. "माझ्या हातानं."

"मी कॅन उतरवायला लावले," म्हातारी म्हणाली. "ह्यानं बोळा ठोकला. मग एजे, मारलं कुणी? कुणाच्या हातांनी?"

कालिस काही बोलणार होता, बुरूलनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"तुम्ही घरची कामं केलीत," अखेर ती म्हणाली. "एवढंच. रोज आठवेल, आणि रोज स्वतःला हेच सांगावं लागेल. माझ्याकडे याहून बरं काही नाही."

झुराकाननं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

तिन्ही कॅन कुंपणापाशी बर्फात ओतले गेले. मेदेत ते घासत होता, राखेनं आणि उकळत्या पाण्यानं, गरजेपेक्षा खूप जास्त वेळ. काम संपल्यावर तो दारापर्यंत आला, आत आला नाही.

"बापाचा शब्द होता," तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला. "तो बापाबरोबर गेला. पोर तुझं आहे. कुणी काही म्हटलं तर माझ्याकडे पाठव."

चूल विझत आली होती. नाझिक उठली, तिलेकला शालीत नीट गुंडाळलं, आणि दारापाशी येऊन तो मेदेतच्या हातांत ठेवला.

मेदेत दचकला. हात कसे धरायचे ते त्याला कळेना.

"डोकं सांभाळा," ती म्हणाली. "मी कोळसे घेऊन येते."

आणि ती मागे वळून न बघता अंगणात गेली.